विक्रीयंत्रातील लघुकलाकृती : निर्मितीप्रक्रिया, किंमत आणि श्रममूल्य

प्रास्ताविक

कलाकृती आणि विक्रीयंत्र हे दोन शब्द एका वाक्यात आले की सुशिक्षित मनाला काहीसे अवघडल्यासारखे होते. कलाकृती एकमेव असते आणि ती निवांतपणे पाहावयाची असते. विक्रीयंत्र मात्र घाईत असलेल्या माणसाला तीच ती वस्तू त्याच त्या किमतीत देत राहते, अशी सर्वसाधारण धारणा आहे. महाराष्ट्रातील रेल्वे स्थानकांवर उभे असणारे वजनाचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या धारणेतील एक फट ठाऊक असेल. नाणे टाकले की त्या यंत्रातून पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट बाहेर पडे. त्यावर वजन असे, भविष्याचे एखादे वाक्य असे आणि एखाद्या नटाचे वा नटीचे चित्र असे. वजन विसरले जाई. चित्र मात्र पुष्कळदा वहीत जपून ठेवले जाई. यंत्रातून पडलेल्या वस्तूविषयी माणसाला जिव्हाळा वाटू शकतो, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

अमेरिकेत १९९७ पासून सुरू असलेला ‘आर्ट-ओ-मॅट’ हा उपक्रम या शक्यतेचा सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांपैकी एक आहे. सिगारेटची पाकिटे विकणारी जुनी यंत्रे दुरुस्त करून त्यांतून हाताने घडविलेल्या लघुकलाकृती विकणे, असे या उपक्रमाचे थोडक्यात स्वरूप आहे. त्याविषयी जे लिहिले जाते त्यात ‘कलेचे लोकशाहीकरण’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु त्याने एक प्रश्न झाकला जातो. पाच डॉलरला विकली जाणारी वस्तू कोणीतरी हाताने केलेली असते. तिला किती वेळ लागतो, आणि त्या वेळेचे मोल कोण देते? या प्रश्नाचे उत्तर कलाकृतीच्या निर्मितीप्रक्रियेत शोधावे लागते. म्हणून प्रस्तुत लेखात यंत्राच्या नवलाईपेक्षा ठोकळा, रंग, वेष्टन आणि वेळ यांचा विचार अधिक केला आहे.

यंत्राचा पूर्वेतिहास

नाणे घेऊन वस्तू देणाऱ्या यंत्राची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन या गणितज्ञाने मंदिरातील पवित्र जल मोजून देणाऱ्या यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. पडलेल्या नाण्याच्या भाराने आतील तरफ झुके, झडप उघडे, आणि नाणे घसरून पडताच ती मिटे. आधुनिक काळात लंडनमध्ये १८८३ च्या सुमारास पोस्टकार्डे विकणारी यंत्रे आली, तर न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर १८८८ मध्ये च्युइंगगमची. फिलाडेल्फिया येथे १९०२ मध्ये हॉर्न आणि हार्डार्ट यांनी ‘ऑटोमॅट’ नावाचे उपाहारगृह उघडले. तेथे भिंतीतील काचेच्या लहान दारांमागे पदार्थ मांडलेले असत. नाणे टाकून दार उघडावयाचे. न्यूयॉर्कमधील अशा प्रकारचे अखेरचे उपाहारगृह १९९१ मध्ये बंद झाले. ‘आर्ट-ओ-मॅट’ या नावात त्या शब्दाचा प्रतिध्वनी आहे.

सिगारेटची यंत्रे १९२० च्या दशकात आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील बहुतेक हॉटेलांत व मद्यगृहांत ती दिसू लागली. पुढे धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयीची जाणीव वाढली आणि यंत्र ग्राहकाचे वय विचारीत नाही हा त्याचा दोष ठरला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये अल्पवयीन व्यक्ती जेथे येऊ शकतात अशा ठिकाणी या यंत्रांना मनाई करणारा नियम जाहीर केला. प्रशासनाला तसा अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. २००९ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन जून २०१० पासून ही मनाई देशभर लागू झाली. अनेक राज्यांनी व नगरांनी त्याआधीच आपापले निर्बंध घातले होते. परिणामी हजारो भक्कम, वजनदार आणि चांगल्या स्थितीतील यंत्रे गोदामांत पडून राहिली.

यंत्रांच्या या निवृत्तीचा आणि आर्ट-ओ-मॅटच्या जन्मगावाचा संबंध लक्षणीय आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विन्स्टन-सेलम हे शहर तंबाखूच्या उद्योगावर उभे राहिले. रेनॉल्ड्स यांची तंबाखू कंपनी तेथे १८७५ मध्ये सुरू झाली, आणि ‘विन्स्टन’ व ‘सेलम’ ही तिच्या दोन सिगारेटींची नावे या शहराच्याच नावावरून आली. तंबाखूच्या पैशातून तेथे कलेलाही आश्रय मिळाला. रेनॉल्ड्स कुटुंबाच्या निवासस्थानात १९६७ पासून अमेरिकन चित्रकलेचे संग्रहालय आहे, आणि १९४९ मध्ये स्थापन झालेले तेथील कला मंडळ देशातील पहिले स्थानिक कला मंडळ मानले जाते. सिगारेटचे यंत्र कलेच्या कामाला लागावे यासाठी याहून योग्य गाव शोधूनही सापडले नसते.

आर्ट-ओ-मॅटचा उगम

क्लार्क व्हिटिंग्टन हे या उपक्रमाचे जनक. जून १९९७ मध्ये विन्स्टन-सेलममधील ‘मेरीज ऑफ कोर्स’ या उपाहारगृहात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. चित्रांसोबत त्यांनी सिगारेटचे एक जुने यंत्र ठेवले आणि त्यातून स्वतःची कृष्णधवल छायाचित्रे एक डॉलरला एक या दराने विक्रीस मांडली. या कल्पनेमागची हकिकत साधीच आहे. शेजारी कोणी खाऊच्या पुडीचे सेलोफेन उलगडू लागले की त्या आवाजाने त्यांच्या एका मित्राला स्वतःलाही काहीतरी घ्यावे अशी अनावर इच्छा होई. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातील घंटेचे काम येथे सेलोफेनची चुरचुर करीत होती. हीच इच्छा कलेविषयी निर्माण करता येईल का, असा विचार त्यातून पुढे आला.

प्रदर्शन जुलैत संपणार होते. परंतु उपाहारगृहाच्या मालकीण सिंथिया जाइल्स यांना यंत्र आवडले आणि ते तेथेच राहावे असा त्यांनी आग्रह धरला. एका व्यक्तीच्या छायाचित्रांवर यंत्र फार काळ चालणार नव्हते. जाइल्स यांनी गावातील इतर कलावंतांशी गाठ घालून दिली आणि ‘आर्टिस्ट्स इन सेलोफेन’ हा गट तयार झाला. पुढे यंत्रांची संख्या शंभराच्या वर गेली, अनेक देशांतील कलावंत त्यासाठी काम पाठवू लागले, आणि वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयापासून लास व्हेगासमधील ‘कॉस्मोपॉलिटन’ हॉटेलापर्यंत ती पोहोचली. किंमत एका डॉलरवरून पाच डॉलरवर गेली आणि तेथेच दीर्घकाळ स्थिर राहिली. अनेक ठिकाणी ग्राहक पाच डॉलर देऊन एक टोकन घेतो, ते यंत्रात टाकतो आणि हव्या त्या खणाची मूठ ओढतो.

ठोकळ्याची शिस्त

या यंत्राची रचना समजल्याशिवाय त्यातील कलेची घडण समजत नाही. यंत्राच्या पोटात उभे खण असतात आणि प्रत्येक खणात पाकिटे एकावर एक रचलेली असतात. मूठ ओढली की सर्वांत खालचे पाकीट पुढे ढकलले जाऊन ट्रेमध्ये पडते आणि वरची रास आपल्या भाराने एक पायरी खाली येते. ही क्रिया पूर्णपणे यांत्रिक असते. तरफा, स्प्रिंगा आणि गुरुत्वाकर्षण एवढ्यावर ती चालते. आत काय आहे हे यंत्राला कळत नाही. त्याला फक्त आकार कळतो.

म्हणून कलावंताला घातलेली पहिली अट आकाराची आहे. तयार वस्तू ८२ मिलिमीटर लांब, ५४ मिलिमीटर रुंद आणि २१ मिलिमीटर जाड असली पाहिजे. सिगारेटच्या पाकिटाचेच हे माप होय. जाडी थोडी वाढली तर वस्तू खणात अडकते, आणि ती अडकली की तिच्यावरची सारी रास अडकते. जाडी फार कमी झाली तर ढकलणारी पट्टी एकाऐवजी दोन वस्तूंना लागू शकते. एका कलावंताच्या निष्काळजीपणामुळे संपूर्ण खण बंद पडतो. अडकलेले यंत्र दुरुस्त करावयास कोणी येईपर्यंत काही दिवसही जाऊ शकतात. कलादालनात दोन मिलिमीटरांची चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. येथे ती विक्रीच थांबविते.

ही शिस्त अमलात कशी येते ते पाहण्यासारखे आहे. सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे लाकडी ठोकळ्यावर चित्र रंगविणे. अमेरिकेतील लाकडाच्या वखारीत ‘एक इंची’ म्हणून मिळणारी फळी रंधून झाल्यावर प्रत्यक्षात सुमारे १९ मिलिमीटर जाड भरते. म्हणजे अशा फळीचा ठोकळा मूळ मापाहून दोन मिलिमीटर उणा असतो, आणि मागच्या बाजूस पुठ्ठ्याचा थर चिकटवून ती उणीव भरून काढता येते. याउलट जाड फळीतून नेमके माप कापून घेणाऱ्याला रंगाची जाडी हिशेबात धरावी लागते. अस्तराचे दोन हात, रंगाचे तीन-चार थर आणि वर व्हार्निश हे सर्व मिळून प्रत्येक पृष्ठावर अर्धा मिलिमीटर सहज चढतो. दोन्ही बाजू रंगविल्या तर एक मिलिमीटर. म्हणून कच्चा ठोकळा मापापेक्षा किंचित लहान कापावयाचा असतो. करवतीच्या पात्याच्या जाडीइतके लाकूड दर कापास भुशात जाते, तेही फळी घेतानाच मोजावे लागते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे पावसाळी आठवड्यात अचूक कापलेला ठोकळा पुढे सैल होऊ शकतो. हे सारे ज्ञान सुताराचे आहे. चित्रकलेच्या पदवी अभ्यासक्रमात ते क्वचितच शिकविले जाते.

रंगाच्या निवडीवरही यंत्राचे नियंत्रण असते. तैलरंग पूर्ण सुकण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही घेतात. पन्नास ठोकळे तितका काळ मांडून ठेवावयास जागा कोठून आणावयाची? त्यामुळे ॲक्रिलिक रंग सोयीचे पडतात. परंतु त्यांचाही एक दोष आहे. वरून सुकलेला ॲक्रिलिकचा थर दाबाखाली आणि उष्णतेत किंचित चिकट होतो. एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांच्या बाबतीत हा दोष घातक ठरतो. दोन चित्रे एकमेकांना चिकटतात आणि सोडविताना रंगाचे पापुद्रे निघतात. यास्तव प्रत्येक ठोकळ्याभोवती मेणकागदाचे किंवा ॲसिटेटच्या पातळ पारदर्शक पत्र्याचे वेष्टन घालावे लागते. वेष्टनाचे टोक बाहेर राहिले तर ते अडकते, चिकटपट्टीची घडी जाड झाली तर ठोकळा तिरपा बसतो. प्रेक्षकाला जी चुरचुर ऐकू येते आणि ज्या चुरचुरीपासून हा उपक्रम सुरू झाला, ती अशा तांत्रिक गरजेचा भाग आहे.

दुसरा मार्ग डबीचा. चित्रकलेपेक्षा शिल्पकलेकडे, दागिन्यांकडे किंवा शिवणकामाकडे कल असणारे कलावंत याच मापाची पुठ्ठ्याची डबी करतात आणि तिच्यात लहान बाहुली, कागदाची कातरकृती, मातीची छोटी आकृती, कर्णभूषण, पंख्यासारखे उलगडणारे चिमुकले पुस्तक असे काही ठेवतात. डबीमुळे आतील वस्तूच्या आकाराला मोकळीक मिळते. डबी मात्र कणखर असावी लागते, कारण खणातील सर्वांत खालच्या डबीवर संपूर्ण राशीचा भार असतो, आणि मूठ ओढल्यावर ती काही इंच खाली आदळते. मातीची नाजूक आकृती हा आघात सोसत नाही. आत वस्तू खडखडू नये म्हणून तिला कापसात किंवा कागदाच्या चुऱ्यात बसवावे लागते. डबी फार हलकी असेल तर ती नीट घसरत नाही. येथेही कल्पकतेइतकेच महत्त्व बांधणीला आहे.

पन्नासांची आवृत्ती

कलावंत आधी एक नमुना पाठवितो. तो स्वीकारला गेला की मग पन्नास नगांचा संच करून द्यावयाचा असतो. पन्नास हा आकडा लहान दिसतो. पण एकच कल्पना पन्नास वेळा हाताने उतरविणे ही कलाशिक्षणात घडलेल्या मनाला परकी असलेली गोष्ट आहे. एक चित्र पूर्ण करून दुसरे घेणे ही पद्धत येथे चालत नाही. अनुभवी कलावंत सर्व ठोकळे एका रांगेत मांडतात. एका दिवशी सर्वांना अस्तर, दुसऱ्या दिवशी पार्श्वभूमी, मग मुख्य आकृती, मग बारकावे, शेवटी व्हार्निश. एक रंग एकदाच कालविला जातो आणि कुंचला एकदाच धुतला जातो. अकबराच्या चित्रशाळेत एकाने रेखाटन करावयाचे आणि दुसऱ्याने रंग भरावयाचे अशी विभागणी होती व त्या काळातील हस्तलिखितांच्या समासांत अशा दोघांची नावे नोंदलेली आढळतात. तेथे काम माणसांत वाटले गेले होते. येथे तेच काम एका माणसाच्या आठवड्यातील दिवसांत वाटले जाते.

अशा रीतीने झालेले पन्नास ठोकळे मूळ कलाकृती म्हणावयाचे की प्रती? कलेच्या इतिहासात या प्रश्नाला पूर्वपीठिका आहे. पॅरिसमध्ये १९५९ साली डॅनिएल स्पोएरी यांनी ‘एडिशन मॅट’ या नावाने नामवंत कलावंतांच्या मर्यादित संख्येतील वस्तू विक्रीस आणल्या, आणि त्यानंतर ‘मल्टिपल’ ही संज्ञा रूढ झाली. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली क्लेस ओल्डेनबर्ग यांनी प्रत्यक्ष दुकान थाटून प्लास्टरच्या रंगीत खाद्यवस्तू व कपडे विकले. महाराष्ट्राला यापेक्षा जुने आणि जवळचे उदाहरण ठाऊक आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. त्यातून निघालेल्या देवादिकांच्या रंगीत तसबिरी सामान्यांच्या घराघरांत पोहोचल्या. कला स्वस्त करण्याचा तो मार्ग स्पष्ट होता. कलावंताने एकदा श्रम करावयाचे, दगडाने व छापयंत्राने ते हजारो वेळा उमटवावयाचे. श्रम विभागला गेल्यामुळे किंमत उतरली.

आर्ट-ओ-मॅटमध्ये हे घडत नाही, आणि हाच त्यातील कळीचा भेद आहे. येथे किंमत तसबिरीसारखी आहे, परंतु श्रम मूळ चित्रासारखा आहे. पन्नासावा ठोकळा पहिल्याइतकाच हाताने करावा लागतो. हात सरावतो, वेळ कमी होतो, हे खरे. पण तो एका मर्यादेखाली जात नाही. जपानमधील ‘गाशापोन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या, प्लास्टिकच्या गोल डबीत चिमुकली खेळणी देणाऱ्या यंत्रांशीही याची तुलना होते. बांदाई कंपनीने ती १९७७ मध्ये त्या नावाने बाजारात आणली. तेथे शिल्पकार एक आकृती घडवितो आणि पुढचे काम साचा करतो. यंत्रातून वस्तू पडण्याची गंमत दोन्हीकडे सारखीच. पडणाऱ्या वस्तूतील मानवी तास मात्र अगदी निराळे.

विक्रीपासून दूर राहिलेला मार्ग

ज्या वर्षी विन्स्टन-सेलममध्ये यंत्र उभे राहिले, त्याच १९९७ साली झुरिच येथे एम. व्हेंची स्टिर्नेमान या कलावंताने जवळजवळ तेवढ्याच आकाराचा एक निराळा प्रयोग केला. त्यांनी ६४ बाय ८९ मिलिमीटर मापाची, म्हणजे खेळाडूंची चित्रे असलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या आकाराची शेकडो पत्ती स्वतः रंगविली आणि ती प्रदर्शनात मांडली. ज्याला पत्ता हवा असेल त्याने स्वतः एक करून आणावयाचा आणि अदलाबदल करावयाची, एवढाच नियम होता. ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’ या नावाने ही प्रथा अनेक देशांत पसरली. ही पत्ती विकावयाची नाहीत, असा तिचा मूळ दंडक आहे. अर्थात पुढे लोक ती विकू लागलेच. तेव्हा विक्रीच्या पत्त्यांना निराळे नाव द्यावे लागले. देवाणघेवाणीत किंमत ठरविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण श्रमाच्या मोबदल्यात श्रमच मिळतो. मात्र ज्याला चित्र काढता येत नाही तो या व्यवहाराच्या बाहेर राहतो. झुरिचचा प्रयोग कलावंतांचा आपसातील आहे. यंत्र मात्र अपरिचितासाठी उभे असते. पैसा मध्ये आणण्याचे हे समर्थन होऊ शकते, आणि ते दुबळे नाही.

किंमत व श्रममूल्य

पाच डॉलरांच्या विक्रीतून निम्मी रक्कम कलावंताला मिळते. उरलेली यंत्र ठेवणारी संस्था आणि उपक्रम चालविणारा गट यांच्यात वाटली जाते. कलादालनेही साधारण निम्मा वाटा ठेवतात, तेव्हा प्रमाणात काही गैर नाही. प्रश्न रकमेचा आहे. एका नगास अडीच डॉलर, पन्नास नगांस १२५ डॉलर. अमेरिकेतील संघीय किमान वेतन सप्टेंबर १९९७ पासून २००७ पर्यंत तासाला ५.१५ डॉलर होते. त्या दराने अडीच डॉलर म्हणजे सुमारे २९ मिनिटांचे वेतन. जुलै २००९ पासून हे वेतन ७.२५ डॉलर झाले, आणि अडीच डॉलरांत सुमारे २१ मिनिटे बसू लागली. साहित्याचा खर्च एका नगामागे अर्धा डॉलर धरला तर ती साडेसोळा मिनिटांवर येतात. लाकूड कापणे, घासणे, अस्तर, चित्र, व्हार्निश, वेष्टन, परिचयपत्रिका छापणे व ठेवणे, आणि संच टपालाने पाठविणे हे सर्व एवढ्या वेळात बसवावयाचे. याहून अधिक वेळ देणारा कलावंत झाडलोट करणाऱ्या कामगाराहून कमी मजुरीवर काम करीत असतो. डॉलरचे मूल्यही या काळात घटत गेले. २००० मध्ये पाच डॉलरांत जे मिळे त्यास २०२४ मध्ये सुमारे नऊ डॉलर पडू लागले होते.

हे गणित कलावंतांना कळत नाही असे मुळीच नाही. किंबहुना त्यांच्या कामाचे स्वरूप या गणितातूनच घडते. एक सुस्पष्ट आकृती, मोजके रंग, एका फटक्यात उमटणारी रेषा, शिक्क्याचा किंवा स्टेन्सिलचा आधार घेऊन शेवटी हाताने केलेला एखादाच फरक, अशा युक्त्या या वस्तूंत वारंवार दिसतात. त्यांना शैलीदारिद्र्य म्हणता येणार नाही. थोड्या वेळात पुरे होईल असे चित्र योजणे हे कौशल्य आहे, आणि भित्तिचित्रे काढणाऱ्या किंवा मातीची भांडी रंगविणाऱ्या कारागिरांना ते पिढ्यानपिढ्या अवगत आहे. पण त्याच वेळी हेही मान्य करावयास हवे की ज्या कलाप्रकाराला संथपणा लागतो, तो या यंत्रात शिरूच शकत नाही. बारीक जलरंगातील चित्र, दाट भरतकाम, लाकडातील सूक्ष्म कोरीवकाम यांचा कर्ता पन्नास नग करावयास बसला तर तो स्वतःच्या खिशातून ग्राहकाला अनुदान देत असतो. कोणतेही परीक्षक मंडळ न नेमता किंमत येथे कलेची निवड करते.

माँट्रियल येथे २००१ पासून जुन्या सिगारेट यंत्रांतूनच चालणाऱ्या ‘डिस्ट्रोबोटो’ या उपक्रमाने थोडी वेगळी व्यवस्था स्वीकारली. तेथे किंमत दोन डॉलर ठेवण्यात आली, परंतु तिच्यातील बहुतांश रक्कम निर्मात्याला देण्यात येई. तेथील यंत्रांत हस्तचित्रांपेक्षा छोट्या पुस्तिका आणि ध्वनिमुद्रिका अधिक असत, म्हणजे ज्यांची पुन्हा प्रत काढता येते अशा वस्तू. कमी किमतीला हे सुसंगतच होते.

ग्राहकाच्या बाजूने पाहता आर्ट-ओ-मॅटमधील स्थिर किंमत ही मोठी सोय आहे. प्रत्येक खणावर कलावंताचे नाव आणि कामाचा प्रकार सांगणारी पट्टी असते. हाती येणारा नग नेमका कोणता, हे मात्र तो पडेपर्यंत कळत नाही. नवशिक्याचा ठोकळा आणि नामांकित चित्रकाराचा ठोकळा यांची किंमत एकच. कलादालनात शिरताना सामान्य माणसाला जो संकोच वाटतो, की किंमत विचारावी का, विचारून न घेता परत फिरावे का, तो येथे उरत नाही. नापसंत पडलेल्या वस्तूचेही ओझे वाटत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी मूळ कलाकृती विकत घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा व्यवहार किती हलका आहे, याची कल्पना संग्राहकांना येणे कठीण आहे.

कलावंताला या व्यवहारातून जे मिळते ते पाकिटाच्या आत ठेवलेल्या पत्रिकेत असते. तिच्यावर त्याचे नाव आणि संपर्काचा पत्ता असतो. विमानतळावर, संग्रहालयाच्या उपाहारगृहात किंवा हॉटेलच्या मार्गिकेत मूठ ओढणारा कोणी अनोळखी माणूस ती वाचतो आणि कधी पत्र लिहितो, कधी त्या कलावंताचे मोठे चित्र मागवितो, बहुतेक वेळा काहीच करीत नाही. पन्नासांपैकी एकाने उत्तर दिले तरी संच वाया गेला नाही असे मानून पुढचा संच करणारे कलावंत आहेत, आणि एक संच करून थांबणारेही आहेत. थांबणाऱ्यांचा खण रिकामा राहत नाही. दुसऱ्या कोणाची तरी पन्नास पाकिटे तेथे भरली जातात आणि पट्टीवरील नाव बदलते.